मधल्या पायरीवरचं इंग्रजी: शब्द, अर्थ आणि शेजार

इंग्रजी बातमी वाचली तर आशय कळतो. तीच बातमी कुणाला इंग्रजीत सांगायची म्हटली, की 'गुड', 'बॅड', 'बिग' आणि 'प्रॉब्लेम' या चार शब्दांवर गाडी येऊन थांबते. ही मधली पायरी. इथे अडकलेल्याला वाटतं की आपल्याला शब्द कमी येतात. मग तो शब्दार्थांची यादी आणतो आणि डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी असं घोकू लागतो. दोन महिन्यांनी यादी पाठ झालेली असते आणि बोलताना तोंडात पुन्हा तेच चार शब्द येतात.

यादीतून शब्द ओळखता येतो. वापरायचा तर त्याचा शेजार माहीत हवा: तो कोणत्या शब्दांबरोबर उठतो-बसतो, त्याच्यामागे 'टू' येतं की 'ऑफ', तो कौतुकाचा आहे की टोमण्याचा, कचेरीत चालतो की कट्ट्यावरच. मराठी अर्थ म्हणजे फक्त दार. खालची पद्धत दारातून आत जाण्याची आहे. तिला रोज अर्धा तास लागतो.

एक गोष्ट आधीच. इथे इंग्रजी शब्द देवनागरीत दिले आहेत. तुमच्या वहीत ते रोमन लिपीतच लिहा आणि स्पेलिंग कोशात पाहून उतरवा. त्या शोधण्यातच शब्दाशी अर्धी ओळख होते.

आधी पातळी मोजा

सलग शंभर शब्दांचा इंग्रजी मजकूर घ्या आणि अनोळखी शब्दांखाली रेघ मारा. दोन किंवा कमी रेघा आल्या तर तो मजकूर तुम्ही कोशाशिवाय वाचू शकता. तीन ते पाच आल्या तर अभ्यासाला तोच योग्य. दहाच्या वर गेल्या तर बाजूला ठेवा. त्यातून शब्द शिकणं म्हणजे दर ओळीला ठेचकाळणं. शंभरात दोन हा आकडा हवेतला नाही. कोशाच्या मदतीशिवाय नीट समजायला मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, असं शब्दसंपदेचे अभ्यासक धरतात. न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी २००६ मध्ये हिशोब मांडला, त्यानुसार वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्यांसाठी तेवढं गाठायला आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात, तर बोलण्यातलं इंग्रजी समजायला सहा ते सात हजार. 'डिसाइड', 'डिसिजन', 'डिसायसिव्ह', 'अनडिसायडेड' हे सगळे मिळून एक कुटुंब, हे लक्षात घेतलं की आकडा तितका भीतिदायक राहत नाही.

युरोपीय चौकटीत भाषेच्या सहा पायऱ्या आहेत, ए-वन ते सी-टू. मधली पायरी म्हणजे बी-वन आणि बी-टू. या पायरीवर काम दोन टप्प्यांत करायचं.

पहिला टप्पा भोकं बुजवण्याचा. मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली सर्वाधिक लागणाऱ्या सुमारे २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. २०१३ मध्ये तिची नवी आवृत्ती म्हणावी अशी सुमारे २,८०० शब्दांची यादी आली. ती इंटरनेटवर मोफत मिळते. ती वरून खाली वाचा आणि जिथे क्षणभर थांबावं लागतं तेवढेच शब्द उचला. बहुतेकांची भोकं मोठ्या शब्दांत नसतात, जोडकाम करणाऱ्या छोट्या शब्दांत असतात: 'अनलेस' म्हणजे 'जर नाही तर', 'ऑलदो' म्हणजे 'जरी', 'व्हेदर' म्हणजे 'की नाही', 'हार्डली' म्हणजे 'जेमतेम, जवळजवळ नाहीच'. 'ही हार्डली वर्क्स' याचा अर्थ 'तो खूप मेहनत करतो' असा लावणारे पदवीधर कमी नाहीत. अर्थ नेमका उलटा आहे: तो कामाला हातच लावत नाही.

दुसरा टप्पा ॲव्हरिल कॉक्सहेड यांच्या २००० सालच्या शैक्षणिक शब्दयादीचा. तिच्यात ५७० कुटुंबं आहेत आणि ती वापराच्या प्रमाणानुसार दहा उपयाद्यांत विभागली आहेत. पहिल्या नऊ उपयाद्या साठ-साठ शब्दांच्या, शेवटची तीसची. 'असेस', 'असूम', 'कॉन्टेक्स्ट', 'एव्हिडन्स', 'सिग्निफिकंट' हे पहिल्या उपयादीतले शब्द अहवालात, अग्रलेखात, अर्जात पुन्हा पुन्हा भेटतात. रोज आठ शब्द, आठवड्याला सहा दिवस, या गतीने ही यादी बारा आठवड्यांत होते. अकारविल्हे मात्र जाऊ नका. पहिली उपयादी संपली की दुसरी, याच क्रमाने जा, म्हणजे मध्येच सुटलं तरी हाती आलेले शब्द कामाचे असतात.

एका कार्डावर काय लिहायचं

वहीपेक्षा कार्ड बरं, कारण वहीत शब्द त्याच्या पानावरच्या जागेमुळे आठवतो. 'वरून तिसरा, डावीकडचा' हे आठवलं म्हणजे शब्द आला असं नाही. जाड कागदाचे अर्ध्या पोस्टकार्डाएवढे तुकडे पुरतात.

'रिलक्टंट' हा शब्द घेऊ. मागच्या बाजूला स्पेलिंग लिहा. त्याखाली उच्चार अक्षरं तोडून, रि-लक्-टंट, आणि जोर ज्या अक्षरावर आहे त्या 'लक्'खाली रेघ. मग शब्दाची जात, म्हणजे विशेषण. मग शेजार: 'रिलक्टंट टू' आणि पुढे क्रियापद. मग कुटुंब: नाम 'रिलक्टन्स', क्रियाविशेषण 'रिलक्टंटली'. शेवटी स्वतःच्या आयुष्यातलं खरं वाक्य: 'माय ब्रदर इज रिलक्टंट टू सेल द स्कूटर.' कोशातलं वाक्य उतरवू नका. ज्या स्कूटरवरून घरात खरोखर वाद झालाय, तिच्यासकट शब्द लक्षात राहतो.

पुढच्या बाजूला तेच वाक्य, पण शब्दाच्या जागी मोकळी रेघ, आणि बाजूला मराठी अर्थ. म्हणजे उजळणी करताना मराठीकडून इंग्रजीकडे जावं लागतं. इंग्रजी शब्द पाहून मराठी सांगणं फार सोपं आहे आणि त्याने वाचन सुधारतं. लिहिणं-बोलणं सुधारायला उलट्या दिशेचा सराव लागतो. नेमका तोच वगळला जातो.

मराठी अर्थ लिहिताना कोशातला जड शब्द घेऊ नका. 'रिलक्टंट'ला कोश 'अनिच्छुक' म्हणतो. घरात आपण 'का-कू करतोय' म्हणतो. दुसरा लिहा. तसंच 'व्हेग' म्हणजे मोघम, 'अब्रप्ट' म्हणजे तडकाफडकी, 'डेलिबरेट' म्हणजे मुद्दाम केलेलं, 'टेडियस' म्हणजे किचकट आणि कंटाळवाणं, 'फसी' म्हणजे सारखं नाक मुरडणारा, 'ग्रज' म्हणजे डूख. हा शेवटचा तर शेजारासकट जुळतो: आपण डूख धरतो, इंग्रजीतही ग्रज 'होल्ड' करतात. असं जुळलं की ते कार्ड फुकटात पाठ झालं समजा.

एका कार्डावर एकच अर्थ. 'इश्यू' म्हणजे मुद्दा, मासिकाचा अंक आणि आदेश जारी करणं. 'इंटरेस्ट' म्हणजे रस, व्याज आणि हितसंबंध. सगळे अर्थ एकदम कोंबले तर एकही धड राहत नाही. ज्या वाक्यात शब्द भेटला त्या वाक्यातला अर्थ लिहा. दुसरा अर्थ भेटेल तेव्हा त्याचं वेगळं कार्ड होईल.

कोश कोणता? शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश, ज्याला 'लर्नर्स डिक्शनरी' म्हणतात. त्यातल्या व्याख्या मोजक्या सोप्या शब्दांत असतात. लाँगमनच्या अशा कोशात तर सुमारे २,००० शब्दांतच सगळ्या व्याख्या बसवल्या आहेत. शिवाय त्यात नाम मोजता येतं की नाही आणि क्रियापदामागे काय येतं हे दिलेलं असतं. इंग्रजी-मराठी कोश त्यानंतर उघडा. भाषांतराच्या ॲपमध्ये सुटा शब्द टाकू नका, पूर्ण वाक्य टाका. सुट्या शब्दाला ते बऱ्याचदा सगळ्यात ठोकळेबाज अर्थ चिकटवतं.

मराठीत एक, इंग्रजीत पाच

मराठी माणसाच्या चुका सर्वांत जास्त इथे होतात, आणि यादी घोकून त्या वाढतात, कारण यादीत पाचही शब्दांपुढे एकच मराठी अर्थ छापलेला असतो.

'नाकारणे' घ्या. काही करायला नकार दिला तर 'रिफ्यूज': 'शी रिफ्यूज्ड टू पे.' अर्ज, प्रस्ताव, माल फेटाळला तर 'रिजेक्ट'. आरोप किंवा घडलेली गोष्ट नाकारली तर 'डिनाय': मंत्री आरोप 'डिनाय' करतात, 'रिफ्यूज' करत नाहीत. आमंत्रण नम्रपणे नाकारलं तर 'डिक्लाइन'. रोजच्या बोलण्यात प्रस्तावाला नाही म्हटलं तर 'टर्न डाउन'.

'भाडं' घराचं असलं तर 'रेंट', बस-रिक्षाचं 'फेअर', ट्रकने पाठवलेल्या मालाचं 'फ्रेट', आणि लग्नासाठी आणलेल्या खुर्च्या-मंडपाचं 'हायर चार्जेस'. 'ग्राहक' दुकानात 'कस्टमर', वकिलाकडे 'क्लायंट', आणि ग्राहक संरक्षण कायद्यात 'कन्झ्युमर'. झाडाखाली बसतो ती सावली 'शेड'. भिंतीवर पडते ती 'शॅडो'. चूक केली तर 'मिस्टेक', आणि ती 'मेक' करतात, 'डू' नव्हे. पण 'चूक माझी आहे' म्हणताना दोष स्वीकारायचा असतो, तिथे 'माय फॉल्ट'.

आणि मग आपलं लाडकं 'लागणे'. याचा इंग्रजी प्रतिशब्द शोधायला जाणं व्यर्थ आहे. प्रत्येक वापर स्वतंत्र शिकावा लागतो. पुण्याला जायला तीन तास लागतात: 'इट टेक्स थ्री अवर्स.' गंजीला आग लागली: 'कॉट फायर'. पैसे लागतील: 'विल नीड'. मुलीला नोकरी लागली: 'गॉट अ जॉब'. जरा डोळा लागला: 'डोझ्ड ऑफ'. पायाच्या बोटाला ठेच लागली: 'स्टब्ड माय टो'. दूध भांड्याला लागलं: 'स्टक टू द बॉटम'. त्याचं बोलणं मनाला लागलं: 'हर्ट मी'. ती रडायला लागली: 'स्टार्टेड क्राइंग'.

सरावाला ही उत्तम तऱ्हा आहे. दर रविवारी एक मराठी क्रियापद घ्या, 'पडणे', 'बसणे', 'येणे', 'सुटणे', आणि त्याचे दहा वापर इंग्रजीत उतरवा. प्रश्न पडतो, आजारी पडतो, महागात पडतं, विसर पडतो: कुठेही 'फॉल' जसंच्या तसं चालत नाही, अपवाद 'फॉल इल'चा. वापर आठवत नसतील तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा. त्याची १८५७ ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात शोधता येते. 'लागणे'च्या नोंदीत माणूस तासभर हरवतो. त्यातलं इंग्रजी मात्र एकोणिसाव्या शतकातलं आहे, ते जसंच्या तसं उचलू नका.

गुण की दोष

अर्थ बरोबर आणि तरी समोरचा दुखावला, असं होतं ते शब्दाचा सूर चुकल्याने. मराठीत हा सूर आपल्याला जन्मजात कळतो, म्हणून अर्थ लिहिताना सुरासकट मराठी शब्द निवडा. 'क्युरिअस' जिज्ञासू, 'नोझी' भोचक. 'थ्रिफ्टी' काटकसरी, 'स्टिंजी' चिक्कू. 'परसिस्टंट' चिकाटीचा, 'स्टबर्न' हट्टी. 'स्लिम' सडपातळ, 'स्किनी' काटकुळा. 'चाइल्डलाइक' निरागस, 'चाइल्डिश' पोरकट. 'फेमस' प्रसिद्ध, 'नोटोरिअस' कुप्रसिद्ध. कार्डाच्या कोपऱ्यात अधिक किंवा उणे अशी खूण केली तरी पुरतं.

या जोड्या वाचायला छान वाटतात, पण दोन्ही शब्द एकाच दिवशी शिकू नका. जवळचे किंवा उलट अर्थाचे शब्द एकत्र शिकले की ते डोक्यात एकमेकांच्या जागी बसतात. समानार्थी-विरुद्धार्थी शब्दांच्या याद्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उजळणीला ठीक; पहिल्यांदा शिकायला वाईट. आज 'थ्रिफ्टी', आणि तो पक्का झाल्यावर आठ-दहा दिवसांनी 'स्टिंजी'. सारख्या आवाजाच्या शब्दांनाही हाच नियम: 'अडॅप्ट' म्हणजे जुळवून घेणं आणि 'अडॉप्ट' म्हणजे दत्तक घेणं, स्वीकारणं, 'सेन्सिबल' समजूतदार आणि 'सेन्सिटिव्ह' हळवा, 'कन्सिडरेट' दुसऱ्याचा विचार करणारा आणि 'कन्सिडरेबल' बराच मोठा.

मराठीत मुरलेले इंग्रजी शब्द

हे शब्द येतात असं आपण गृहीत धरतो, म्हणून कार्ड करत नाही, आणि नेमके तिथे फसतो. आपण म्हणतो 'निकाल ऐकून तो नर्व्हस झाला', म्हणजे खट्टू झाला. इंग्रजीत 'नर्व्हस' म्हणजे निकाल लागण्याआधी पोटात गोळा येतो ती अवस्था; खट्टू झाला तो 'डिसअपॉइंटेड'. आपली 'सिन्सिअर' विद्यार्थिनी मन लावून अभ्यास करणारी. इंग्रजीत 'सिन्सिअर' म्हणजे मनापासून बोलणारा, ढोंग नसलेला. अभ्यासूला 'हार्डवर्किंग' किंवा 'डिलिजंट' म्हणतात. आपला 'डॅशिंग' अधिकारी बेधडक. इंग्रजीतला 'डॅशिंग' पुरुष देखणा आणि रुबाबदार. बेधडक असेल तर 'बोल्ड'.

वर्गात 'आय हॅव अ डाउट' म्हणून हात वर केला तर भारताबाहेरच्या शिक्षकाला वाटेल, तुम्हाला त्याच्या बोलण्यावर शंका आहे. तिथे 'क्वेश्चन' विचारतात. 'पास आउट' झालो म्हणजे शुद्ध हरपली. सैनिकी प्रशिक्षण पूर्ण करणं हा त्याचा खास वापर सोडला तर पदवी मिळवण्याला 'ग्रॅज्युएट' म्हणतात. ईमेलला 'रिव्हर्ट' करायचं नसतं, 'रिप्लाय' करायचा असतो. 'रिव्हर्ट' म्हणजे पूर्वीच्या स्थितीला परत जाणं. परवाना 'एक्स्पायर' होतो, माणसाबद्दल 'डाइड' किंवा हळुवारपणे 'पास्ड अवे'. आणि मिसळ खायला जातो ते 'हॉटेल' इंग्रजीत 'रेस्टॉरंट' असतं. 'हॉटेल'मध्ये मुक्कामाला खोली मिळते. भारतातल्या भारतात यातलं पुष्कळ खपून जातं, हे खरं. परदेशी कंपनीची मुलाखत असेल तर खपवू नये.

वहीची शेवटची चार पानं यासाठीच ठेवा. मराठी बोलताना दिवसभरात जे इंग्रजी शब्द तोंडी येतात ते टिपा आणि रात्री कोशात पाहा. यातले निम्मे तरी वेगळे निघतात का, ते स्वतःच मोजा.

शब्दामागची शेपटी

'च्याबद्दल चर्चा करणे' डोक्यात असल्याने 'डिस्कस अबाउट' तोंडी येतं. 'डिस्कस'मागे काहीच लागत नाही: 'डिस्कस द प्लॅन.' 'च्याशी लग्न'मुळे 'मॅरी विथ' होतं. बरोबर आहे 'मॅरी हिम', आणि झालेलं लग्न सांगताना 'मॅरिड टू'. 'मला समजावून सांग'मुळे 'एक्स्प्लेन मी' होतं. हवं 'एक्स्प्लेन इट टू मी'. 'स्टेशनला पोचलो'मधल्या 'ला'मुळे 'रीच्ड टू'. हवं नुसतं 'रीच्ड'. उलट, 'वाट पाहणे'त मराठीत काही दिसत नाही, पण 'वेट'मागे 'फॉर' लागतंच. म्हणून कार्डावर 'डिस्कस' एवढं लिहू नका. 'डिस्कस समथिंग' लिहा. 'वेट' नको, 'वेट फॉर समवन'. हा एक बदल केला तरी लेखनातल्या पुष्कळ लाल खुणा कमी होतात.

काही शब्दांत कर्ताच पालटतो. मराठीत वस्तू परवडते. इंग्रजीत माणूस 'अफोर्ड' करतो: 'आय कान्ट अफोर्ड इट.' मराठीत मला तुझी आठवण येते. इंग्रजीत 'आय मिस यू'. अशा कार्डावर तांबड्या शाईने पूर्ण वाक्यच लिहा.

न मोजता येणाऱ्या नामांची छोटी यादी सरळ पाठ करून टाका: 'ॲडव्हाइस', 'इन्फर्मेशन', 'फर्निचर', 'लगेज', 'इक्विपमेंट', 'होमवर्क', 'न्यूज'. मराठीत सल्ले, बातम्या, सामानं होतात. इंग्रजीत यांना 'एस' लावत नाहीत. एक सल्ला म्हणायचं तर 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस'.

शब्द उकलून पाहणं

आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार: मूळ एक आणि उपसर्गाने अर्थ कुठून कुठे जातो, हे शाळेत शिकलेल्याला इंग्रजीतली हीच युक्ती अवघड नाही. 'स्पेक्ट' म्हणजे पाहणं: 'इन्स्पेक्ट' आत डोकावून तपासणं, 'सस्पेक्ट' संशयाने पाहणं, 'रेट्रोस्पेक्ट' मागे वळून पाहणं, 'स्पेक्टेटर' पाहणारा. 'जेक्ट' म्हणजे फेकणं: 'रिजेक्ट', 'इजेक्ट', 'इंजेक्ट', 'प्रोजेक्ट'.

नकारार्थी 'इन'चं रूप पुढच्या अक्षरानुसार बदलतं: 'लीगल'चं 'इलीगल', 'रेग्युलर'चं 'इरेग्युलर', 'पॉसिबल'चं 'इम्पॉसिबल'. तत् अधिक लीन तल्लीन होतं, तसाच हा संधी आहे. जीभ जिथे वळायला सोपं तिथे वळते. हे कळलं की स्पेलिंगातला दुहेरी 'एल' आणि दुहेरी 'आर' पाठ करावा लागत नाही.

उकल दरवेळी बरोबर येत नाही. 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे किंमत नसलेलं असं वाटतं, अर्थ आहे अत्यंत मोलाचं. आपलं 'अमूल्य' हुबेहूब याच वाटेने गेलं आहे. पण 'इन्फ्लेमेबल' म्हणजे पेट घेणारंच, आणि ही चूक गॅसच्या टाकीजवळ महागात पडेल. म्हणून उकलून अंदाज करा आणि मग कोशात खात्री करून घ्या.

'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणं, 'कॉल ऑफ' रद्द करणं, 'लुक इन्टू' चौकशी करणं, 'रन आउट ऑफ' संपत येणं, 'कम अक्रॉस' अचानक दिसणं-भेटणं. या जोडक्रियापदांना उकल लागू पडत नाही, ती अखंड शब्द समजूनच शिकावीत. आठवड्याला चार पुरेत.

उच्चाराबद्दल थोडं

देवनागरीत लिहिलं की दोन गोष्टी लपतात. एक, 'व्ही' आणि 'डब्ल्यू'मधला फरक: पहिल्याला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्याला ओठांचा चंबू होतो. दुसरी, जोर. मराठी आघाताने अर्थ बदलत नाही, इंग्रजीत बदलतो. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर पहिल्या अक्षरावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. 'हॉटेल', 'इव्हेंट', 'डेव्हलप', 'कमिटी' या चारही शब्दांत जोर दुसऱ्या अक्षरावर आहे; आपण बहुतेकदा पहिल्यावर देतो. मुके वर्ण वेगळ्या शाईने लिहा: शंकेच्या 'डाउट'मध्ये, कर्जाच्या 'डेट'मध्ये आणि 'प्लंबर'मध्ये 'बी' आहे पण बोलत नाहीत, 'रिसीट'मध्ये 'पी' तसाच गप्प बसतो.

खोका आणि हिशोब

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग मांडले: शिकलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं आणि पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून उजळणी आधी जवळजवळ, मग लांब लांब. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये यासाठी कप्प्यांच्या खोक्याची पद्धत मांडली. चपलांच्या खोक्यात पुठ्ठे लावून पाच कप्पे करा. पहिल्या कप्प्यातली कार्डं दुसऱ्या दिवशी पाहायची, दुसऱ्यातली तीन दिवसांनी, तिसऱ्यातली आठवड्याने, चौथ्यातली पंधरवड्याने, पाचव्यातली महिन्याने. उत्तर आलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात. नाही आलं, तर कुठल्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. 'तसं माहीत होतं मला' ही सवलत स्वतःला देऊ नका. शेपटीसकट आलं तरच आलं.

आता हिशोब. रोज आठ नवे शब्द घेतले तर गाडी पूर्ण वेगात आल्यावर रोज साधारण ४० जुनी कार्डं आणि चुकलेली दहाएक, मिळून ५० समोर येतात. प्रत्येकी १२ सेकंद धरले तर १० मिनिटं. नवं कार्ड लिहायला अडीच मिनिटं, आठांची २० मिनिटं. झाला अर्धा तास. पहिल्या आठवड्यात उजळणीचं ओझं जवळजवळ नसतं, म्हणून उत्साहाने लोक रोज २० शब्द घेतात. दोन महिन्यांनी रोज सव्वाशे कार्डं आणि एकूण सव्वा तासाचं काम अंगावर येतं, आणि खोका माळ्यावर जातो. आठच घ्या.

मोबाइलवर करायचं असेल तर 'अँकी' हे सॉफ्टवेअर याच तत्त्वावर चालतं. संगणकावर आणि अँड्रॉइडवर ते मोफत आहे. त्यात रोजच्या नव्या कार्डांची मर्यादा मुळात २० असते, ती आधी आठवर आणा. तयार कार्डांचे गठ्ठे उतरवून घेण्याचा मोह टाळा: त्यात तुमची स्कूटर नसते.

खंड पडला, आजारपण आलं, गणपती आले, तर साचलेली सगळी कार्डं एका बैठकीत संपवू नका. नवे शब्द बंद ठेवा आणि रोज ५० याप्रमाणे साठा उपसा.

महिन्याच्या शेवटी पाचव्या कप्प्यातून डोळे मिटून दहा कार्डं काढा आणि ते दहाही शब्द वापरून एक पानभर मजकूर लिहा: गृहनिर्माण संस्थेला पाण्याची तक्रार, मामेभावाला पत्र, काहीही. जे शब्द ओढूनताणून बसवावे लागले त्यांची कार्डं पुन्हा पहिल्या कप्प्यात. आणि जे कार्ड चार वेळा पहिल्या कप्प्यात परत आलं, ते फाडून टाका. तोच शब्द नव्या वाक्यासह, नव्या मराठी अर्थासह पुन्हा लिहा. बहुधा जुन्या कार्डावर 'अनिच्छुक' लिहिलेलं सापडेल.